झोप नीट होते ना?

गल्लीत त्यांना सगळे टेलरकाकू म्हणत. त्यांच्या नवऱ्याला जन्मात कधी सुईत दोरा ओवता आला नव्हता, पण बायकोच्या जिवावर तेही टेलरकाका होऊन बसले होते.

तरुणपणी काकू एकदा फार आजारी पडल्या. मनाचा आजार. भिंतीतून आवाज येत, ताटात कोणी काही कालवलंय असं वाटे, डोळ्याला डोळा लागत नसे. मनोरुग्णालयात राहून, औषधं घेऊन त्या सावरल्या आणि तिथल्याच शिवणवर्गात पुन्हा मशीनवर बसल्या. पुढे मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, सासूचं अंथरुणावरचं आजारपण, शाळेच्या गणवेशांचे ढीग, सगळं निभावलं. गोळी मात्र रोज घेत, आपण चष्मा लावतो तितक्या सहज.

एक प्रश्न तेवढा त्यांना चिकटला. झोप नीट होते ना?

डॉक्टरांनी तो विचारावा, हे बरोबरच. पण तो दवाखान्यातून घरी आला आणि घरजावई होऊन राहिला. काकूंनी दूधवाल्याशी हुज्जत घातली की नवरा विचारी, झोप झाली ना? पडद्याच्या रंगावरून वाद झाला की मुलगीही फोनवर आवाज मऊ करून तेच विचारी. एकदा काकांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून काकू ओरडल्या, तर त्यांनी टॉवेल उचलला नाही, गोळ्यांची डबी आणून दिली. इतर बायकांना राग येतो. काकूंना लक्षणं येत.

मग मनोरुग्णालयातल्या त्या शिवणवर्गाची शिक्षिका निवृत्त झाली. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनी स्वतः फोन करून सांगितलं, की तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार, याच तुम्ही. काकूंना ती जागा हवीच होती. जिथे आपल्याला दोघांनी धरून आत नेलं, तिथे एकदा आपल्या पायांनी चालत शिकवायला जायचं होतं.

ठरल्या दिवशी त्या काकांना घेऊन गेल्या. डॉक्टरांच्या खोलीत मोठ्या सिस्टर आणि एक समुपदेशक बाईही बसल्या होत्या. भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बरं होणं शक्य आहे'. डॉक्टरांनी तोंडभरून कौतुक केलं. काकू म्हणजे आमचं यश, असं म्हणाले. म्हणाले मात्र काकांकडे बघून. मग समुपदेशक बाईंनी अट सांगितली. शिकवावं काकूंनीच, पण कात्र्यांच्या कपाटाची किल्ली नर्सकडे राहील. लागेल तशी कात्री मागून घ्यायची आणि परत करायची.

आधीची शिक्षिका ती किल्ली गळ्यात अडकवून फिरायची, हे काकूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तसं सांगितलं.

"त्यांची गोष्ट वेगळी," बाई म्हणाल्या. "तुमच्या काळजीपोटीच म्हणतोय आम्ही."

काकूंनी पिशवीतून आपली कात्री काढली. लांब पात्यांची, जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली. शिकवायला आपलीच आणू, असं सांगण्यासाठी त्यांनी ती टेबलावर ठेवली मात्र, डॉक्टरांची चाकांची खुर्ची वीतभर मागे सरकली. बाईंनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले. मोठ्या सिस्टर खाली बघत राहिल्या. इतकी वर्षं गोड बोलण्याखाली जे झाकून ठेवलं होतं, ते त्या खुर्चीने सांगून टाकलं.

"डॉक्टर, तुमच्या अंगावरची ही पँट याच कात्रीने आखूड केली मी," काकू म्हणाल्या. "मापं घेताना ही तुमच्या पायाशीच पडली होती. तेव्हा नाही सरकलात मागे." आता त्यांचा आवाज चढला. "मी बरी झालेय की नाही, एवढं सांगा. झाले असेन तर किल्ली द्या. नसेन तर तो सूर्य उतरवा भिंतीवरून."

डॉक्टरांचा चेहरा एकदम प्रेमळ झाला. ते काकांकडे वळले.

"काका, हल्ली त्यांची झोप नीट होते ना?"

आणि काका म्हणाले, "होते तशी. म्हणजे, परवा जरा उशिरापर्यंत मशीन चालू होती."

गणवेशांची ऑर्डर होती, हे त्यांना ठाऊक होतं. गुंड्या त्यांनीच मोजून दिल्या होत्या. डॉक्टरांनी मान हलवली. आणखी काही महिने बघू, म्हणाले. काकू गप्प बसल्या असत्या तर औषध लागू पडलंय, आणि बोलल्या म्हणून आजार उलटतोय. साधं चिडायला त्यांना जागाच ठेवली नव्हती कोणी.

"बघा तुम्ही," काकूंनी कात्री गुंडाळली. "पण किल्लीशिवाय मी येणार नाही. दुसरी कोणी शोधा."

रस्ताभर त्या दहा पावलं पुढे चालल्या. घरी येताच कापड पसरलं, खडूने रेघा मारल्या आणि कापायला घेतलं. कात्रीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जात होता. काका दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. आजाराच्या त्या दिवसांत ते उशाशी बसून राहिले होते, आणि ती भीती त्यांच्या मनातून अजून उठली नव्हती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आज झोप लागेल ना तुला?"

काकूंनी कात्री खाली ठेवली.

"नाही लागणार. एवढा अपमान गिळून ज्या दिवशी मला गाढ झोप लागेल ना, त्या दिवशी बोलवा तुमच्या डॉक्टरला. आणि अहो, आजही पलंगावर टाकलाय तो ओला टॉवेल उचला आधी."

काकांची नजर गोळ्यांच्या डबीकडे गेली. मग त्यांनी टॉवेल उचलला.