मुंगीची सही

नोकरी सोडताना माणसं ऑफिसातून पेनं, स्टेपलर, गेलाबाजार एखादा मग तरी घरी आणतात. मुंगीनं उलटं केलं. ऑफिसचं होतं नव्हतं ते सगळं चोख परत केलं आणि त्या भरात स्वतःलाही देऊन बसली.

मुंगी हे नाव मावशीनं ठेवलेलं. मावशी कुणाचीच मावशी नव्हती. प्रोग्रॅम तपासणाऱ्या विभागातली सगळ्यात जुनी बाई, एवढंच. खिडकीजवळचं टेबल, खुर्चीच्या पाठीवर कायमची शाल आणि बोटांत दयामाया नाही. मुंगी आपला पहिलावहिला प्रोग्रॅम घेऊन गेली, तेव्हा मावशीनं पडद्यावरच्या चौकटीत काहीही न लिहिता नुसतं एन्टर दाबलं. प्रोग्रॅम जागीच आडवा. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मावशीनं थर्मासमधला अर्धा चहा तिच्या कपात ओतला आणि म्हणाली, "डोळे पूस. सगळ्यांचेच पडतात." पुढे खाली मान घालून एकेक चूक उचलून नेणारी ही पोर पाहून तिनंच तिला मुंगी केलं. मावशी निवृत्त झाल्यावर त्या टेबलावर एक झाडाची कुंडी आली. मुंगीला त्या कुंडीचा राग यायचा, आणि झाडाचा त्यात काहीच दोष नव्हता.

हेच नाव घेऊन ती इंटरनेटवरच्या एका बिनपगारी कामात शिरली होती. चित्रफितीतलं बोलणं ऐकून त्याच्या ओळी पडद्याखाली नेमक्या वेळी दाखवणारा प्रोग्रॅम. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळा तो वापरायच्या. कोड सगळ्यांना खुला, पैसा कुणालाच नाही, भांडणं मात्र सख्ख्या भावंडांसारखी. सांभाळणारे दोघंच, मुंगी आणि मास्तर. तो कुठला, काय करतो, देव जाणे. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं की आवाज ऐकला नव्हता. ओळख काय ती लिहिण्यातली.

ओळी जुळवता जुळवता माणसं बोलतात कशी, याचंच तिला वेड लागलं, आणि ऐन चाळिशीच्या तोंडावर तिनं भाषाविज्ञानात एमए करायचं ठरवलं. नकाशे काढणारा नवरा म्हणाला, "जा बिनधास्त. फक्त वर्गात शिरलीस की पोरं उठून उभी राहतील, तेवढं सांभाळ." नोकरी सुटली तरी चालेल, पण ओळींचं काम सुटता कामा नये, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

शेवटच्या दिवशी तिनं ऑफिसचा लॅपटॉप पार कोरा करून दिला. घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतला आणि कपाळावर हात मारला. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढताना लागणारी तिची डिजिटल सही त्याच लॅपटॉपवर होती. दुसरी प्रत ऑफिसच्या पेनड्राइव्हवर, तोही परत केलेला. कामाच्या खात्याला जोडलेला ईमेलही ऑफिसचाच, संध्याकाळीच बंद झालेला. घरचं काम ऑफिसच्या मशीनवर ठेवू नका, असं नव्या लोकांना दटावणारी हीच.

तिनं नव्या पत्त्यावरून मास्तरला लिहिलं, "अरे, मी मुंगी. सही गेली, ईमेल गेला. मला आत घे."

मास्तरचं उत्तर आलं, "असं कुणीही म्हणेल. नियम वाच."

नियम तिनंच लिहिला होता. मागे एका भामट्यानं अशीच करुण कहाणी सांगून प्रोग्रॅमच्या किल्ल्या मागितल्या होत्या, तेव्हा तिनं रागानं लिहून ठेवलं होतं, 'रडगाण्याला भुलू नये. जुन्या सांभाळणाऱ्याची खात्री पटली तरच दार उघडावं.' स्वतःच्याच पायावर एवढा नीट धोंडा क्वचितच कुणी मारून घेतला असेल.

दोन दिवसांनी मास्तरनं एक नवा कोड पाठवला. "तपास. मग बघू."

ती विद्यापीठाच्या वाचनालयात बसली होती. आजूबाजूला तिच्या निम्म्या वयाची मुलं. तिला खिडकीजवळचं टेबल आठवलं, थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज आठवला, आणि तिला सरळ रडूच आलं. मावशी, ऑफिस, नाव, सगळं मागे राहिलं. आता हे कामही गेलं तर आपण मुंगी तरी कशाच्या? डोळे पुसून तिनं कोड वाचला. दोन ठिकाणी नावं बदलायला सांगितली, एका ठिकाणी वाद घातला आणि शेवटी सवयीनं लिहिलं, 'आणि रिकामं असेल तर?'

तासाभरात उत्तर. "नवी सही बनव, मुंगे. मी तिला माझी साक्ष लावतो. रिकाम्या फाइलची सोय मी मुद्दाम ठेवली नव्हती. या एका प्रश्नानं माझं डोकं खाल्लंयस इतकी वर्षं. चोराला एवढी चिकाटी नसते."

तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर व्हरांड्यात जाऊन तिनं थेट मावशीला फोन लावला. कितीतरी दिवसांत केला नव्हता, त्याची लाज वाटतच सगळं सांगितलं. "मावशी, तुमच्या प्रश्नानं वाचवलं मला. तुम्ही नेहमी विचारायचात ना, रिकामं असेल तर?"

"मी?" पलीकडून मावशी हसली. "मी कधी काही विचारलंय का गं? मी आपली मुकाट्यानं एन्टर दाबायचे. विचारायचीस तू. पहिल्या आठवड्यापासून. आख्ख्या मजल्याला पिडलं होतंस."

मुंगी फोन कानाला लावूनच व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

"आहेस ना?" मावशीनं विचारलं.

"आहे," मुंगी म्हणाली.