भावोजींची अधिसभा

अधिसभेत ठराव मांडला की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, अशी माझ्या थोरल्या भावोजींची श्रद्धा आहे. भावोजी निवृत्त प्राध्यापक, राहणार देवबाग. आमच्या जुन्या विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे कुलगुरूंना उघड जाब विचारता येतो त्या सभेवर, ते कैक वर्षं निवडून जात. तिथले नियम त्यांच्या अंगी इतके मुरले की घरातही सूचक-अनुमोदकाशिवाय पान हलेना. ताईने कोळंबी सोलता सोलता नुसतं विचारलं, "आज सुंगटाचा तिकला करू?" तर हे म्हणत, "अनुमोदन कोणाचा?" ताई सांगे, "सूचक मी, अनुमोदक ह्यां मांजार. आता गप जेवा." नातीच्या बारशाला त्यांनी नावासाठी हात वर करायला लावले. तेवढ्यात बाळ रडलं. भावोजींनी गंभीरपणे जाहीर केलं, "विरोधात एक मत."

मलाही सारी गंमतच वाटे. पण एकदा त्यांना सोबत म्हणून गेलो आणि सभागृहात मागे, प्रेक्षकांत बसलो. किनाऱ्यावरचं परीक्षा केंद्र मुलं कमी म्हणून बंद करून पार घाटाच्या पायथ्याशी, वैभववाडीला न्यायचं, असा प्रस्ताव होता. भावोजी हरकतीचा मुद्दा घेऊन उठले. कलमं-पोटकलमं सांगत अस्खलित पुस्तकी मराठीत बोलू लागले. कुलगुरू नम्रपणे म्हणाले, "आपल्या भावना नोंदवून घेतल्या आहेत." झालं! भावोजींची प्रमाण मराठी तिथेच सुटली.

"भावना नको, सायब! देवबागच्या पोरांनी उजाडच्या आधी भायर पडूचा, घाटाखाली पोचूचा, मगे पेपर कधी लिवूचो? पोरा परीक्षेक येतत, सहलीक नाय!"

सभागृह हसलं. पण पलीकडच्या बाकावरच्या बाई, एरवी भावोजींच्या कट्टर विरोधक, उठून म्हणाल्या, "माझं अनुमोदन." मग हात वर होत गेले. कुलगुरूंनी क्षणभर सगळीकडे पाहिलं आणि प्रस्ताव मागे घेतला. परतीच्या गाडीत भावोजी लहान मुलासारखे गाढ झोपले.

यंदा गुडघ्यांमुळे ते निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. "नवी मंडळी हुशार आसत," असं समाधानाने सांगतात. परवा देवबागला गेलो, तर भावोजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसलेले.

"खंय चाललात?" मी विचारलं.

"खंय नाय रे," खाडीकडे बघत ते म्हणाले, "आज सभा आसा."