माईचा हिरवा

माई रंगवलेला सेल कधी उलटून बघायची नाही. आम्ही सगळे बघायचो. सेल म्हणजे चित्रपटासाठी चित्र काढायचा पारदर्शक ताव. पुढच्या बाजूला शाईची रेघ असते आणि रंग मागून भरायचा असतो, म्हणजे पुढून तो गुळगुळीत दिसतो. भरणाऱ्याला दिसते ती फक्त पाठ, फराट्यांनी भरलेली. त्यामुळे दर दोन मिनिटांनी आम्ही ताव उलटायचो, ओल्या रंगात अंगठा घालायचो आणि सगळ्याची वाट लावायचो. माई मात्र एक ताव संपला की फळीवर ठेवून दुसरा पुढ्यात ओढायची. पुढून तो कसा दिसतो हे तिला ठाऊकच असायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी मुलुंडहून अंधेरीच्या एका कॉलेजात उपयोजित कला शिकायला जात होते. शेवटच्या वर्षाला मी चलच्चित्र म्हणजे ॲनिमेशन हा विषय घेतला, तो घरच्यांना आजवर नीट कळलेला नाही. त्या विभागात माई मदतनीस होती. शिक्षण सातवी, मूळ गाव मालवणकडे, बिऱ्हाड घाटकोपरच्या चाळीत. गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरी होता आणि घर तिच्यावर चालत होतं. लग्नाआधीपासून तिनं जाहिरातपटांसाठी रंग भरले होते. आमच्या विभागप्रमुख सरांकडे परदेशी पुस्तकं होती, पण रंगाचं काही ठरवायचं झालं की तेही आधी माईच्या तोंडाकडे बघायचे.

तिच्या राज्यात मे महिन्यातही पंखा लावायला बंदी होती. धूळ उडते, ताव चिकटतात. घामाचा थेंब पडू नये म्हणून ती आमच्या मनगटांना पंच्याच्या पट्ट्या बांधायची. मी कुरकुरले की म्हणायची, "पंखो होयो तर बँकेत जा गो." माझे वडील बँकेत होते आणि मीही तिथंच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती, हे तिला मीच सांगून बसले होते.

तिची खरी विद्या होती रंग कालवण्याची. कॅमेऱ्याखाली तीन-तीन ताव एकावर एक ठेवतात आणि वरच्या तावामुळे खालचा रंग थोडा मळकट दिसतो. म्हणून एकाच साडीचा हिरवा तीन बाटल्यांत तीन तऱ्हांनी कालवावा लागे, तेव्हा कुठे पडद्यावर तो एक दिसे. माई हे नुसत्या नजरेनं करायची. सरांना ते प्रमाण लिहून हवं होतं. एकदा ते वही घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले. पिवळा किती घातलास, विचारलं की ती बोटाचं टोक दाखवून म्हणायची, "एवढो." दोन तासांनी सरांच्या वहीत तारीख होती आणि दोन डाग होते. तेव्हापासून ते म्हणायला लागले की हे असं किती दिवस चालणार, शिकलेला माणूस नेमायला हवा. माई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

माझा परीक्षेचा चित्रपट पाऊण मिनिटाचा होता. हिरव्या साडीतली एक बाई दिंडोशीच्या चढावरून हंडा घेऊन जाते, मध्येच थांबते, हंडा कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेते आणि पुन्हा चालू लागते. हंडा उचलताना तिचे हात वेगळ्या तावावर जात आणि साडी एक ताव खाली. तिथून पुढचा हिरवा वेगळा कालवायचा होता. तो माईनंच कालवला. त्या दिवसांत ती बाटल्या उचलून खिडकीशी नेत होती, झाकण उघडून वास घेत होती. एकदा तिनं निळ्या बाटलीवर बोट ठेवून मला विचारलं, "ह्यो हिरवोच मां?" मला वाटलं, माझी परीक्षा घेतेय.

फिल्म धुऊन आली. अंधार करून सरांनी ती लावली. बाई झकास चालत होती. तिनं हंडा उचलला आणि साडी एकदम निळसर झाली. आमच्या भाषेत, रंगानं उडी मारली. माई मागे भिंतीशी उभी होती. तिला ती उडी दिसलीच नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. सरांनी दिवा लावून विचारलं, हा रंग कोणी कालवला? मी म्हटलं, मी. रंग संपला होता, घाईत माझा मीच कालवला.

सर काही बोलायच्या आत माई पुढं आली.

"सर, तो रंग माझो. ह्या चेडू खोटा बोलता. माका आता हिरवो नि निळो वेगळो दिसना नाय."

डोळ्यांवर पडदा येत चालल्याचं तिला वर्षभर ठाऊक होतं. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं होतं. घरी तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं. सर वाईट नव्हते. मला रंग पुन्हा भरायला आठ दिवस दिले आणि माईला कामावर फक्त महिनाअखेरपर्यंत ठेवलं.

ते आठ दिवस मी आयुष्यभर पुरवून खाल्ले आहेत. जुना हिरवा खरवडायचा, नवा भरायचा. आता कालवणारी मी होते आणि माई स्टुलावर बसून सांगायची. "अळवाचा पान आठव. आता तेच्यावर ऊन पडला असा समज." मी बोटभर पिवळा घालायचे. ती विचारायची, कसो दिसता? मी सांगायचे, गवतासारखा. "मगे चुकला. गवात नको, अळू होया." तीस वर्षांत जे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, ते ती मला पानाफुलांच्या नावांनी सांगत होती, आणि माझी अक्कल बँकवाल्याच्या मुलीची. अळू मी ताटातच पाहिलेलं.

परीक्षेच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली आणि माझ्या शेजारी बसली. पडदा तिला नुसता उजळलेला दिसत असावा. बाईनं हंडा उचलला तसं तिनं माझं मनगट धरलं.

"साडयेन उडी मारल्यान काय गो?"

मारली होती. लहानशी होती, परीक्षकांच्या लक्षातही आली नाही, पण होती.

"नाही माई. एकसारखी आहे."

"मगे माझो हिरवो तुज्या हातात इलो तर," ती म्हणाली आणि मनगट सोडून निवांत बसली. पहिलं खोटं तिनं चारचौघांत मोडून काढलं होतं. हे दुसरं तिला खरंच पटलं की माझ्यासाठी तिनं ते चालवून घेतलं, हे मी ठरवू शकलेले नाही. महिना संपल्यावर ती नवऱ्याला घेऊन गावी गेली. मी पत्ता घेतला नाही. आपण भेटूच, असं त्या वयात वाटतं.

पुढं मी याच कामात राहिले. दोन वर्षांनी एका जाहिरातीसाठी पोपट रंगवत होते. तीन ताव एकावर एक ठेवले आणि तिन्ही हिरवे एक झाले, रेसभर फरक नाही. माझ्या खोलीतही पंखा बंदच होता. माईचा हिरवा आता खरंच माझ्या हातात आला होता आणि हे तिला सांगता येत नव्हतं, कारण तिच्या लेखी तो केव्हाच आलेला होता.