भट्टीची माफी

“जहूरभाय, परवा हजला निघतंय. कायव कमीजास्त बोललो असन, तर कहासुना माफ कर.”

“बोललास त्याचा सोड. केलास त्याचा बोल.”

आखातात अल रुवैसच्या अंगाला, माणसं उठून गेलेल्या एका गावात पुरातत्त्ववाल्यांचं जुनी चुनाभट्टी खणायचं काम चाललंय. जहूर तिथं राख खरवडतो. जेवणाची सुट्टी झाली होती, साहेबलोक तंबूत गेले होते. जहूर खाली खड्ड्यात, भुवयांपर्यंत राखाडी. काठावर त्याचा चुलतभाऊ रियाज, तोही आता इकडेच कामाला, पांढऱ्याफेक कुर्त्यात. हजला जायचं तर आधी दुखावलेल्या माणसांकडून माफी आणायची, ही आमची रीत. रियाज एशियन टाउनच्या कामगार-वस्तीपासून सगळी दारं फिरून आला होता. उरला एकटा जहूर.

जहूरचा बाप गावच्या खाडीवर शिंपल्या भाजून चुना करायचा. जहूर इकडे आला आणि मागे रियाजनं त्या भट्टीला जेसीबी लावला. दगड नेले आपल्या बंगल्याच्या जोत्याला. म्हातारा आडवा आला, तर त्याला कोंबडीसारखा उचलून बांधावर बसवला. त्यानंतर म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं ते धरलंच. मयतीला हाच रियाज पहिल्या रांगेत! जहूरला तेच जास्त झोंबलं.

“मंग काय करू? पाय धरू तुजे?”

“पाय नकोत. खाली उतर. ती चाळलेली राख घमेल्यान भर नि ढिगावर टाक.”

“ह्या कपड्यांनी?”

“माज्या बापसाकडे कनचे दुसरे होते?”

रियाज उतरला. दोन खेपांत कुर्ता राखाडी मांजरागत झाला. वारा फिरला, राख नाकातोंडात गेली, डोळे लाल. खोकून खोकून तो वाकला. जहूर सावलीत बसून सुकटीबरोबर भाकरी खात होता.

“यल्ला, यल्ला! हात चालव. राख कोण उचलील?”

राख संपली तेव्हा रियाजला धड बोलता येईना.

“आता... केलास ना माफ?”

“माजा बापूस भट्टीवर असाच खोकायचा. तेवढाच तुला दाखवायचा होता. माफ नाय.”

“अरे, हजला जातंय मी! अल्लाला काय सांगू?”

“सांग, जहूर नाय बोलला.”

“अल्ला तुलाव विचारील!”

“विचारू दे. त्येचा जवाब माजा मी देन.”

रियाज काठ चढताना दोनदा घसरला. जहूरनं हात दिला नाही. बोटं चाटली, चूळ भरली, थापी उचलली आणि भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकून पुढचा थर खरवडायला घेतला.