समाजमंदिरात फोडलेला नारळ

त्या दिवसांत आमच्या घरात दोन अबोले चालू होते. एक ह्यांचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात आणि जीभ, दोघांनी एकदमच संप पुकारला होता. दुसरा अबोला माझा. टेकडीवरच्या देवीशी मी बोलणे टाकले होते. लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हापासूनची आमची मैत्री. कधी मंगळवार चुकवला नाही, आणि तिने माझ्याच नवऱ्याच्या तोंडाला कुलूप घालावे? तुम्ही म्हणाल, देवीशी कोणी भांडते का. मी भांडते. हक्काची आहे म्हणून भांडते. शेजारणीच्या देवीला मी कधी उलट शब्द बोललेले नाही.

ह्यांची हयात कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये गेली. मशीनच्या धडधडाटावरून बोलायची सवय, त्यामुळे घरातही मीठ मागायचे तर तीन मजल्यांना कळायचे. अहो, हळू, असे मी किती वेळा म्हटले असेल. आता घर इतके हळू झाले होते की कुकरच्या शिट्टीचीही सोबत वाटायची. डॉक्टर म्हणाले होते, बोलणे परत येऊ शकते, पण त्यांना माणसांत ठेवा. माणसे आणायची कुठून? मुलगी नाशिकला, तिला सातवा महिना लागलेला. आणि मी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी. माझ्या पगारावर घर चाललेले, आणि माझी रजा संपत आलेली. कँटीनच्या ठेकेदाराने फोनवर अगदी नरमाईने सांगितले की सोमवारी आलात तर ठीक, नाहीतर दुसरी बाई बघावी लागेल, राग मानू नका. राग कसला मानते? पोळ्या तर रोज लागणारच. पण ह्यांना एकटे ठेवून जाऊ कशी? मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने चहा गाळायला घेतला होता आणि पायावर ओतून घेतला होता.

म्हणून रविवारी सकाळी मी ठरवले, आज देवीकडे जायचे आणि काय तो निकाल लावायचा. खण, नारळ, शेवंतीची वेणी, सगळे ताटात घेतले. भांडायला जायचे म्हणून काही रिकाम्या हाताने जायचे नसते. ह्यांना घरी ठेवता येत नव्हते, तेव्हा काठीसह ह्यांनाही रिक्षात बसवले. रिक्षावाले चाचा पांढऱ्या दाढीचे, शांत. त्यांना म्हटले, मंदिरात घ्या. त्यांनी आरशातून ह्यांच्या काठीकडे पाहिले, मान हलवली, आणि मी डोळे मिटले. बघणाऱ्याला वाटले असते बाई नामस्मरण करते आहे. मी मनातल्या मनात देवीला धारेवर धरले होते. तू आई म्हणवतेस ना, मग उद्या ह्यांच्याजवळ कोण बसणार ते सांग. रस्ता सगळीकडे खणलेला, रिक्षा कुठून कुठे वळत होती याचे मला भानच नव्हते.

रिक्षा थांबली तेव्हा डोळे उघडले, तर समोर टेकडी नाही, पायऱ्या नाहीत, हारवाले नाहीत. पत्र्याचे छप्पर असलेली एक बैठी इमारत, दारात चपलांचा ढीग, आणि वर पाटी: समाजमंदिर.

"चाचा, हे कुठं आणलंत? मला देवीच्या मंदिरात जायचं होतं."

"मंदिरच म्हणालात ना ताई," चाचा म्हणाले. "देवी नाही बोललात. काठीवाले पॅसेंजर सगळे इथंच येतात, म्हणून आणलं."

मी कपाळाला हात लावला. परत फिरवा म्हणणार, तर हे रिक्षातून उतरलेसुद्धा. आपण होऊन, माझा हात न धरता. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि हे काठी टेकत त्या आवाजाच्या दिशेने निघाले होते. मीही ताट सावरत मागे धावले. सवयीने चपला काढल्या, सवयीने घंटेसाठी हात वर केला. घंटा नव्हतीच. हात तसाच खाली आणून केस नीट केले.

आत मोठी खोली. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली काही बायका मेथी निवडत बसलेल्या, एका कोपऱ्यात एक आजोबा पेपर मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि मधोमध कॅरमभोवती तीन म्हातारे. ताट घेऊन मी उभी, जशी नाटकात चुकीच्या अंकात शिरलेली नटी. तोंडातून निघाले, देवी कुठे आहे?

कॅरमवरचे एक तात्या होते, इथल्याच जुन्या गावठाणातले. त्यांनी मान वर केली. "देवी न्हाई हितं, बाई. हितं समदे आमच्यासारखे म्हातारे हायेत. पर तुमचे मालक बरे आले, आमाला एक गडी कमी पडत व्हता."

मेथीजवळून एक बाई हसत उठल्या. त्या सुनंदाताई, हे समाजमंदिर दिवसभर चालवणाऱ्या. मी म्हटले, ह्यांना बोलता येत नाही हो. त्यांनी ह्यांना कॅरमजवळ खुर्ची दिली, माझ्या हातातले ताट बघितले, पण त्यावर काही विचारले नाही. मला पाणी दिले आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमची शिफ्ट कुठली?"

बस्स, एवढेच. मी कोण, कुठली, कशासाठी आले, काही नाही. थेट शिफ्ट. ज्या प्रश्नासाठी मी वाटभर देवीशी भांडत आले होते त्याचे उत्तर या बाईंच्या एका प्रश्नात होते. मी म्हटले, पहिली. मग त्यांनी सांगितले की पहिल्या शिफ्टची माणसे कंपनीच्या बसला जाता जाता घरच्यांना इथे सोडतात, परतताना घेऊन जातात. दुपारचे जेवण इथेच. ज्याच्या घरचे माणूस इथे बसते त्याने सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकाला यायचे, बाकी काही नाही. कुणाचा मुलगा कंपनीत, कुणाची सून धुण्याभांड्याला, कुणाचा नवरा रात्रपाळीचा चौकीदार. अशी कितीतरी घरे त्या पत्र्याखाली तग धरून होती, आणि मला वाटत होते की संकट एकट्या माझ्याकडेच पत्ता विचारत आले आहे.

मी हो म्हणणार तेवढ्यात कॅरमकडून आवाज आला.

"फाऊल."

जाड, घोगरा, मशीनच्या वरचा आवाज. तात्यांनी सदऱ्याच्या बाहीने राणी हळूच भोकाकडे सरकवली होती, आणि ह्यांचे डावे बोट त्या बाहीवर रोखलेले होते.

"फाऊल!" हे पुन्हा म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

माझ्या हातातून ताट सुटले. नारळ गडगडत थेट कॅरमखाली गेला. तात्या म्हणाले, "आयला, हा तर पंच निघाला," आणि डोळे पुसू लागले. मी तर भिंतीला धरून रडले आणि हसले, दोन्ही एकाच वेळी. डॉक्टरांना विचाराल तर ते म्हणतील, माणसांत गेल्याचा परिणाम. मी नाही म्हणत नाही. मी एवढेच सांगते की माणसांत कोणी नेले ते मला ठाऊक आहे.

सावरल्यावर मी खण उचलला आणि सुनंदाताईंना म्हटले, मला तुमची ओटी भरू द्या. त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्यात ओटी नसते हो वहिनी. पण नारळ फोडलात तर चटणी होईल." नारळ उंबऱ्यावर फोडला. चटणी सगळ्यांनी खाल्ली, चाचांनीही; ते अजून गेले नव्हते. वेणी मेथी निवडणाऱ्या बायकांनी वाटून घेतली.

सोमवारी मी कामावर गेले. आता गुरुवारच्या सुट्टीला मी समाजमंदिरात पोळ्या लाटते आणि तात्यांना मुद्दाम करपलेली वाढते. ह्यांचे शब्द एकेक करून परत येत आहेत: चहा, नको, तात्या चोर. माझे नावही आले, पण ते बरेच उशिरा, चोराच्याही नंतर. याबद्दल मी अजून रुसून आहे.

देवीशी मात्र अबोला सोडला. मागच्या मंगळवारी ह्यांना घेऊन टेकडी चढले. म्हटले, आई, मी पत्ता सांगितला आणि तू आपल्या रस्त्याने नेलेस, चुकले माझे. डोळे भरून आले. मग वाटले, आलेच आहे तर बोलून टाकावे. मी सुरू केले: आता ह्यांचा उजवा हातही बघ, मुलीचे बाळंतपण सुखरूप कर, ठेकेदाराला जरा पगार वाढवायची बुद्धी दे, आणि...

मागून खणखणीत आवाज आला, "फाऊल."

गाभाऱ्यातले गुरव वळून बघू लागले. मी तोंड मिटले, आणि काहीही न मागता डोके टेकवले.