साडूभाऊंची दोन कुंपणं

माझ्या साडूभाऊंइतका हात आखडून वाढणारा आणि तरीही कुणाला उपाशी न उठवणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा सापडणार नाही. हे मी त्यांनी सर्वांत जास्त वेळा अडवलेला माणूस म्हणून लिहितो आहे. मूल गावी एका लग्नात बुंदीचं पातेलं त्यांच्या ताब्यात होतं. माझी तिसरी फेरी पाहून त्यांनी वाढणाऱ्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "भाऊले नाई म्हणू नको. फक्त त्यायच्या पंगतीत हळू चाल." तो इतका हळू आला की पोचेपर्यंत माझा मठ्ठाही पिऊन झाला होता. घरी न्हाणीघराचा नळ अर्धाच उघडतो, स्वयंपाकघराचा पूर्ण. ही व्यवस्थाही त्यांचीच. माझी मेहुणी म्हणते, "या माणसासंग भांडता बी येत नाई. कोणाले बंद करत नाई, नुसतं हळू करते."

हा स्वभाव त्यांनी मशीनकडून घेतला की मशीनला दिला, मला ठाऊक नाही. आमच्या संस्थेत एकच जुना सर्व्हर आहे आणि तो साडूभाऊ सांभाळत. त्यावर तीन कामं चालत: सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचे अहवाल, पोरांच्या परीक्षेचा सराव, आणि मी गावोगावच्या म्हाताऱ्या बायांकडून टेपवर घेतलेली गोंडी गाणी साफ करण्याचं काम. मशीनच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, त्यांनी प्रत्येक कामाचा एक गट पाडला होता आणि प्रत्येक गटाला मेमरीची दोन कुंपणं घातली होती. पहिलं ओलांडलं की काम मंदावतं. दुसऱ्याला धडकलं की कर्नेल त्याच गटातलं काहीतरी मारतो, शेजारच्या गटाला धक्का लागत नाही. बहुतेकांना पहिल्यावरच आवरावं, दुसऱ्याची वेळच येऊ नये, हा त्यांचा धर्म. स्क्रीनवरचे आकडे ते दिवसभर न्याहाळत. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे.

माझी गाणी दर चार दिवसांनी दुसऱ्या कुंपणाला धडकून मरत. सिकलसेलच्या गटाकडे पाहावं तर निम्मी जागा रिकामी. मला तो सरळसरळ अन्याय वाटला. एकदा साडूभाऊ संस्थेच्या नर्सबाईंबरोबर भामरागडकडच्या एका गावात सिकलसेलच्या कॅम्पला गेले. वीज गेली तर मशीन पुन्हा सुरू करता यावं म्हणून पासवर्ड माझ्याकडे होता. मी माझ्या गटाची दोन्ही कुंपणं काढली आणि जागी 'मॅक्स' लिहिलं, म्हणजे वाट्टेल तेवढं खा. मग चाळीस गाणी एकदम लावली आणि चहा प्यायला गेलो. आयुष्यात इतका हुशार मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

ती निम्मी जागा कॅम्पच्या दिवसासाठीच राखलेली असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. दुपारी तिकडून अहवाल उघडू लागले आणि अख्ख्या मशीनची मेमरी संपली. अशा वेळी कर्नेल कोण महत्त्वाचं ते बघत नाही. ज्या एका कामाने सर्वांत जास्त जागा धरली असेल, ते मारतो. माझी कामं चाळीस, पण बारकी. सिकलसेलचं एकच, थोरलं. तेच गेलं. उठलं की पुन्हा मरू लागलं.

साडूभाऊंचा फोन आला. रेंजसाठी ते रस्त्यावरच्या रपट्यावर, ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर, उभे होते.

"भाऊ, तुमी मशीनले हात लावला का?"

"नाई. मी काऊन लावू?"

"इथी एक बाई आहे. सातवा महिना. तिचा अन् नवऱ्याचा रिपोर्ट पाह्यचा आहे. बस उभी आहे. कंडक्टरले मी पाच मिनिटं मागून घेतले. आता खरं सांगा."

मागे हॉर्न वाजला. मी खरं सांगितलं.

ते रागावतील म्हणून मी कान फोनपासून दूर धरला होता. "बरं," एवढंच आलं. "आता तुमचा गट मारा. पुरा."

"आधी हळू करून पाहू का?" हे मी विचारलं. मी.

"हळू कराले टाइम नाई. टेपा आहेत ना तुमच्या जवळ?"

"आहेत."

"मंग मारा."

एकेक अक्षर उमटायला मशीन युग घेत होतं. सकाळपासूनचं सगळं काम एका ओळीच्या हुकमात गेलं. सिकलसेलचं काम उठलं, आणि उभं राहिलं. फोनवर नर्सबाईंचा आवाज आला, "बाई, या इकडे, झाडाखाली बसू." बरंच काही बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. मग बस निघाली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय निघालं रिपोर्टात. ते म्हणाले, "ते तिचं आहे." मग म्हणाले, "जागा कमी पडत होती तं मागाची होती."

"तुमी नाई म्हटलं असतं."

"म्हटलं असतं," त्यांनी कबूल केलं. "पण मंग काऊन नाई, ते सांगितलं असतं. मी आकडे पाहून राह्यलो होतो, भाऊ. तुमाले पाह्यलंच नाई."

आता ते लेकीकडे नागपूरला असतात आणि कुंपणं माझ्याकडे आहेत. कोणी जागा मागितली की मी नाही म्हणतो आणि मग कारण सांगू लागतो. अर्ध्या तासाने माणूस कंटाळून पळतो. कॅम्पच्या दिवशी माझ्या गटाला मी सकाळीच हळू करून ठेवतो. एखाद्या म्हातारीचं गाणं अर्ध्या ओळीवर थांबून बसतं. पलीकडे, कुठल्याशा गावात, कोणाचा तरी अहवाल उघडतो. गाणं पुढे सरकेपर्यंत मी खुर्चीत बसून राहतो.