टाचणीकाकांचं मांजर

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत, कारण शर्टाच्या कॉलरला दोन टाचण्या कायम खोचलेल्या असत. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या टाचून खणांत लावल्या. स्वतःचं एक वाक्यही कोशात गेलं नव्हतं. निवृत्तीला चार दिवस उरले, तेव्हा त्यांनी धीर करून संपादकसाहेबांकडे एक नोंद मागितली. साहेबांनी ‘मांजर’ दिलं.

काका खूश झाले. मूळ शब्द ‘मार्जार’, म्हणजे पुसून स्वच्छ करणारा. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘सतत अंग चाटून साफ ठेवते, म्हणून हे नाव.’ साहेबांनी चिठ्ठी परत केली. कोशाचा नियमच होता: प्राण्याच्या सवयीबद्दल लिहायचं तर ती स्वतः पाहिलेली हवी, वेळेसकट आणि साक्षीदाराच्या सहीसकट.

कचेरीत एक बोका होता. तो शाईच्या डब्यांमागे झोपे आणि मूळचा पांढरा आहे, असं जुने लोक सांगत. काका वही घेऊन त्याच्यासमोर ठाण मांडून बसले. पहिल्या दिवशी सोळा नोंदी झाल्या. पंधरा ‘झोपला आहे’, एक ‘कूस बदलली’. दुसऱ्या दिवशी त्याने जांभई दिली, तीही वेळेसकट उतरवली. तिसरा दिवस कोरडाच गेला. काकांनी इतकं टक लावून आपल्याकडे कधी पाहिलं होतं, ते काकूंना घरी वेळेसकट हवं होतं.

साक्षीला झाडलोट करणाऱ्या बाई होत्या. काकांनी त्यांना नावाचा अर्थ समजावला.

“बावीस वर्षं फरशी मी पुसते,” बाई म्हणाल्या, “आणि नाव या ऐदोबाचं?”

शेवटच्या दिवशी पाचला नोंद छपाईला जाणार होती. साडेचारला काकांचा धीर सुटला. बाईंनी चहासाठी ठेवलेल्या दुधावरची साय बोटावर घेऊन त्यांनी बोक्याच्या पाठीला फासली. बोक्याने एक डोळा उघडला, मान वळवली आणि चाटायला लागला. चार चौतीस. बाईंनी सही ठोकली.

“झालं ना काका? आता पळा.”

काका जिन्यापर्यंत गेले आणि थबकले. आयुष्यात त्यांनी एक टाचणी वाकडी लावली नव्हती. भिंतीला कागद टेकवून त्यांनी ‘सतत’ खोडलं आणि कंसात दोन शब्द वाढवले.

साहेबांनी वाचून चष्मा काढला, पुन्हा लावला. “हे असंच छापायचं?”

“पाहिलं ते तसंच आहे, साहेब.”

नियम साहेबांचाच होता. कोशात आज छापलेलं आहे: ‘अंग चाटून साफ ठेवते (साय लावल्यास), म्हणून हे नाव.’ काका येणाऱ्याजाणाऱ्याला ते पान उघडून दाखवतात, आणि कंसातलेही शब्द आपलेच, हे आवर्जून सांगतात.